वॉरंटवर सही कुणाची? अमेरिकेतल्या आइसच्या धाडी, सोप्या भाषेत

ज्यांना लोकलच्या गर्दीत काहीच ऐकू येत नाही, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. मधले 'अं', 'काय म्हणतात ते' कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. तुमच्या फीडवर ते व्हिडिओ आले असणारच. तोंडावर मास्क लावलेली माणसं रस्त्यावरून कुणाला तरी धरून गाडीत बसवतायत, आणि आजूबाजूचे लोक मोबाइल वर करून ओरडतायत. खाली कॉमेंटमध्ये दोन तट. एक म्हणतो, "बेकायदेशीर आहेत ना, मग काढा बाहेर." दुसरा म्हणतो, "ही सरळसरळ हुकूमशाही आहे." आणि दोघांनीही बघितलेला असतो तोच तीस सेकंदांचा तुकडा.

मी आज तुम्हाला एकच प्रश्न हातात देणार आहे. त्या माणसांकडे जो कागद असतो, त्यावर सही कुणाची असते? ऐकायला अगदी कारकुनी प्रश्न वाटतो. पण अमेरिकेत चाललेला सगळा वाद या एका सहीपाशी येऊन थांबतो, हे तुम्हाला पुढे कळेलच.

एक सूचना आधीच देऊन टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वकील नाही. समजून घेण्यासाठी हा भाग ऐका. प्रत्यक्ष वेळ आली तर वकीलच गाठा.

आधी, ही आइस म्हणजे कोण?

आयसीई म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट. बोलताना सगळे 'आइस' म्हणतात. २००१ चा ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, त्यानंतर २००२ मध्ये होमलँड सिक्युरिटी नावाचं नवं खातं उभं करणारा कायदा आला आणि २००३ पासून आइस त्या खात्याखाली काम करायला लागली. म्हणजे ही संस्था वयाने आपल्यातल्या बऱ्याच श्रोत्यांएवढीच आहे. सीमेवर आणि विमानतळावर जे अधिकारी भेटतात ते वेगळ्या संस्थेचे, सीबीपीचे. आइसचं मुख्य काम देशाच्या आतलं. ज्यांना राहायची परवानगी नाही त्यांना शोधायचं, कोठडीत ठेवायचं आणि परत पाठवायचं.

हे काम ट्रम्प आल्यावर सुरू झालं, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ओबामांच्या काळात, २०१२ या एका वर्षात आइसने ४ लाखांच्या आसपास लोक परत पाठवले होते. मग आत्ताच एवढा गदारोळ का? कारण पद्धत बदलली. शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करायची नाही, असं धोरण २०११ पासून होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते काढून टाकलं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या खर्चाच्या कायद्यात आइससाठी सुमारे ७५ अब्ज डॉलर ठेवले गेले, त्यातले ४५ अब्ज नुसत्या कोठड्यांसाठी. २०२५ च्या उत्तरार्धात कोठडीतल्या लोकांची संख्या ६० हजारांच्या वर गेली होती.

'बेकायदेशीर' म्हणजे गुन्हेगार का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा हळू जाऊ.

चोरून सीमा ओलांडणं हा अमेरिकेत गुन्हा आहे, पहिल्यांदा केला तर किरकोळ स्वरूपाचा. पण व्हिसावर रीतसर आला आणि मुदत संपल्यावर राहिला, तर नुसतं राहणं हा फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे. २०१२ च्या ॲरिझोना खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेच सर्वसाधारण तत्त्व म्हणून सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग बरंच आहे की, प्रकरण हलकं आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. प्रकरण हलकं म्हणून संरक्षणही हलकं. फौजदारी खटल्यात आरोपीकडे पैसे नसतील तर सरकारला वकील द्यावाच लागतो. आपल्याकडेही कसाबला सरकारी खर्चाने वकील दिला होता, आठवत असेल. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात तसं नाही. वकील हवा तर स्वतः करा. पैसे नसतील तर एकटे उभे राहा, समोर सरकारचा वकील असतोच. लहान मुलंसुद्धा वकिलाशिवाय उभी राहिलेली आहेत.

आणि हे इमिग्रेशन कोर्ट नावाने कोर्ट असलं तरी न्यायपालिकेचा भाग नाही. तिथले न्यायाधीश अमेरिकेच्या न्याय खात्याचे कर्मचारी असतात. म्हणजे पकडणारं एक खातं आणि निकाल देणारं दुसरं खातं, पण दोन्ही एकाच सरकारची. हा मुद्दा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

दोन वॉरंट, दिसायला सारखीच

आता आपल्या सहीकडे येऊ.

अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती आहे, १७९१ ची. तिचा गाभा असा, की सरकारने कुणाचंही घर, अंग, कागदपत्रं उगाच तपासायची नाहीत, कुणाला उगाच धरायचं नाही. वॉरंट काढायचं तर त्यामागे ठोस कारण हवं. आणि कोर्टांनी याचा अर्थ वर्षानुवर्षं असा लावला, की घरात शिरायचं असेल तर ते कारण पुरेसं आहे का, हे तटस्थ न्यायाधीशाने बघितलेलं असलं पाहिजे.

पण आइसकडे दुसऱ्याच प्रकारची वॉरंट असतात. त्यांना प्रशासकीय वॉरंट म्हणतात. आय-२०० नावाचा फॉर्म अटकेसाठी, आय-२०५ हद्दपारीसाठी. वर खात्याचं नाव, मोठ्या अक्षरात 'वॉरंट', खाली सही. सगळं अगदी अधिकृत. फक्त ती सही न्यायाधीशाची नसते, त्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची असते.

माझ्या रोजच्या कामातलं उदाहरण देतो. मी कोड लिहितो, पण तो मी स्वतः मंजूर करून लाइव्ह टाकू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, प्रश्न विचारायचे, मग 'अप्रूव्ह' दाबायचं. कधी कधी वैताग येतो. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कुणी बघायला नसतं, तेव्हा तर फारच. पण ही सिस्टीम मी वाईट माणूस आहे म्हणून केलेली नाही. लिहिणाऱ्याला आपल्याच कोडमधली भानगड दिसत नाही, म्हणून केलेली आहे. प्रशासकीय वॉरंट म्हणजे आपलाच कोड आपल्याच टीममध्ये मंजूर करून घेणं. न्यायाधीशाचं वॉरंट म्हणजे बाहेरच्या माणसाने वाचून दिलेली मंजुरी.

म्हणून आत्तापर्यंतचा नियम असा होता. प्रशासकीय वॉरंटवर आइस माणसाला रस्त्यावर, सार्वजनिक जागेत पकडू शकते. घराच्या आत मात्र शिरू शकत नाही, जोवर घरातलं कुणी स्वतःहून आत घेत नाही. आइसच्या स्वतःच्या प्रशिक्षणातही हेच शिकवलं जायचं. हक्कांबद्दल काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं लोकांना तेच सांगत आल्या. दार उघडू नका, कागद दाराखालून सरकवायला सांगा, न्यायाधीशाची सही आहे का बघा.

जानेवारी २०२६ मध्ये असोसिएटेड प्रेसने एक बातमी दिली आणि या नियमालाच धक्का बसला. मे २०२५ चा आइसचा एक अंतर्गत मेमो बाहेर आला होता. त्यात म्हटलं होतं, की ज्याच्या हद्दपारीचा अंतिम आदेश निघालाय त्याला पकडण्यासाठी आय-२०५ हा प्रशासकीय कागद पुरेसा आहे, आणि गरज पडली तर बळ वापरूनही घरात शिरता येईल. सरकारचा युक्तिवाद असा, की या माणसाची सुनावणी इमिग्रेशन कोर्टात होऊन गेलीय, आता आणखी कोणता न्यायाधीश हवा? टीकाकारांचं उत्तर असं, की तो न्यायाधीश तुमच्याच सरकारचा कर्मचारी आहे, आणि घराच्या दाराचा प्रश्न त्याच्यासमोर कधी आलाच नव्हता. त्याच महिन्यात मिनेसोटातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी एका प्रकरणात निकाल दिला, की संमती नसताना आणि न्यायाधीशाचं वॉरंट नसताना घरात घुसून केलेली कारवाई चौथ्या दुरुस्तीचा भंग आहे.

आणखी एक गोष्ट बघा. तो मेमो कित्येक महिने जाहीरच नव्हता. दाराच्या आतली माणसं जुन्या नियमावर विसंबून होती आणि बाहेर उभ्या असलेल्यांना नवा नियम दिलेला होता. नियम बदलला हे ज्याच्यावर तो चालवायचा त्यालाच माहीत नसेल, तर त्या माणसाने हक्क मागायचा कसा?

घराबाहेर काय होतं?

रस्त्यावर कुणाला थांबवायचं, तर अधिकाऱ्याकडे 'वाजवी संशय' हवा. नुसता चेहरा बघून नाही. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात सांगितलं होतं, की गाडीतली माणसं मेक्सिकन दिसतात एवढ्याच कारणावरून गाडी थांबवता येणार नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या धाडी पडल्या. कार धुण्याची ठिकाणं, रोजंदारीवरचे मजूर उभे राहतात ते नाके, बस स्टॉप. लोकांनी कोर्टात धाव घेतली. जुलैमध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी आदेश दिला, की चार गोष्टींवरून, एकट्या किंवा मिळून, कुणाला थांबवायचं नाही: वंश किंवा दिसणं, स्पॅनिश बोलणं किंवा इंग्रजीचा उच्चार वेगळा असणं, विशिष्ट जागी असणं, आणि कामाचा प्रकार. ८ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी या आदेशाला स्थगिती दिली. बहुमताने कारणं लिहिली नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी मात्र वेगळं टिपण जोडलं. वंश हे एकटं कारण पुरेसं नाही, पण इतर गोष्टींबरोबर ते विचारात घेता येतं, आणि जो कायदेशीर आहे त्याला थोडक्यात सोडून देतात, असा त्यांचा सूर होता. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी कडक विरोध केला. लॅटिनो दिसणारा, स्पॅनिश बोलणारा, कमी पगाराचं काम करणारा कुणीही सरकारने धरावा, असा देश आपल्याला नको, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

'थोडक्यात सोडून देतात' या वाक्यावर मी जरा थांबलो, कारण माझ्यातला इंजिनियर लगेच आकडे मांडायला बसतो. खालचे आकडे खरे नाहीत, फक्त गणित समजायला घेतलेत.

समजा एका शहरात १० लाख लोक आहेत. त्यातले ५० हजार कागदपत्रांशिवाय राहतात. आणि समजा एजंटांचा अंदाज ९० टक्के बरोबर येतो, म्हणजे भलताच चांगला. त्या ५० हजारांपैकी ४५ हजार बरोबर ओळखले जातील. पण उरलेल्या साडेनऊ लाखांपैकी १० टक्के, म्हणजे ९५ हजार कायदेशीर लोकांवरही बोट ठेवलं जाईल. एकूण १ लाख ४० हजार लोक थांबवले, त्यात ९५ हजार निर्दोष. तिघांना थांबवलं तर त्यातले दोघं चुकीचे, आणि तेही ९० टक्के अचूकतेला! आमच्या धंद्यात याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. जाळं जेवढं मोठं टाकाल, तेवढे हे वाढतात.

आता यात तंत्रज्ञानही आलंय. रस्त्यात माणसाचा चेहरा स्कॅन करून माहिती काढणारं 'मोबाइल फोर्टिफाय' नावाचं ॲप आइसचे एजंट वापरतात, अशी बातमी जून २०२५ मध्ये आली. पॅलंटिर कंपनीला सुमारे ३ कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं, स्थलांतरितांची माहिती एकत्र करणाऱ्या सिस्टीमसाठी. ॲप 'मॅच' दाखवतं, पण ते चुकीचं दाखवत असेल तर रस्त्यावर उभ्या माणसाने दाद मागायची कुणाकडे?

"त्याच्याकडे व्हिसा आहे ना, मग कशाला घाबरायचं?"

हा प्रश्न माझ्या मावशीचा. तिचा मुलगा तिकडे नोकरी करतो. माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधले बरेच जण तिकडे आहेत, म्हणून आमच्या घरात हा विषय चहाबरोबर येतो. मावशीचं म्हणणं तत्त्वतः बरोबरच आहे. ज्याचे कागद पक्के, त्याला हद्दपार करता येत नाही. पण मधे थांबवलं जाणं, कोठडीत एखादा दिवस काढावा लागणं, हे त्या कागदांनी दरवेळी टळत नाही.

प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मोजलं, तर १७० हून अधिक अमेरिकन नागरिकांना इमिग्रेशनच्या एजंटांनी ताब्यात घेतल्याचं दिसलं. नागरिकांना! ४ सप्टेंबर २०२५ ला जॉर्जियातल्या ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर धाड पडली, ४७५ लोक पकडले, त्यात ३०० हून जास्त दक्षिण कोरियाचे. तिथे तर न्यायाधीशाचं झडतीचं वॉरंट होतं. तरी पकडलेल्यांत वैध व्हिसा असलेले लोक होते, असं नंतर पुढे आलं. म्हणजे बाहेरच्या माणसाची सही असली की सगळं आपोआप नीट होतं, असंही नाही. पण निदान प्रश्न कुठे विचारायचा ते ठरलेलं असतं.

विद्यार्थ्यांचं प्रकरण आपल्याला जास्त जवळचं. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. काहींचं कारण फक्त एवढंच, की जुन्या एखाद्या किरकोळ ट्रॅफिकच्या प्रकरणात त्यांचं नाव पोलिसांच्या डेटाबेसमध्ये सापडलं होतं. विद्यार्थी कोर्टात गेले, जागोजागच्या न्यायाधीशांनी सरकारला थांबवलं आणि महिना संपायच्या आत सरकारने नोंदी पूर्ववत करायला सुरुवात केली. मावशीला मी हेच सांगितलं. त्या मुलांना कागदांनी वाचवलं, पण कोर्टात जायची वाट उघडी होती म्हणून वाचवलं.

सरकार काय म्हणतं?

हेही ऐकून घ्यायलाच हवं. प्रत्येक देशाला आपल्या सीमा आणि कायदे राबवायचा हक्क आहे, यात वाद नाही. निवडणुकीत मतदारांनी कडक कारवाईला मत दिलंय, असं सरकार म्हणतं. अनेक शहरं आणि राज्यं आइसला तुरुंगातून आरोपी सोपवत नाहीत, म्हणून आम्हाला रस्त्यावर उतरावं लागतं, हा त्यांचा मुद्दा. मास्कबद्दल ते म्हणतात, एजंटांचे फोटो आणि पत्ते नेटवर टाकले जातात, घरच्यांना धमक्या येतात. यातलं काहीच अगदीच पोकळ नाही.

पण मास्कचं बघा. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये एजंटांच्या मास्कवर बंदी घालणारा कायदा केला आणि केंद्र सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं. प्रश्न साधा आहे. चेहरा झाकलेला, नावाची पट्टी नाही, साध्या कपड्यातला माणूस तुमचा हात धरतो. तो अधिकारी आहे की अपहरण करणारा, हे तुम्ही कसं ठरवणार? आणि त्याने चूक केली तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

या सगळ्याचं सगळ्यात भयानक टोक मिनियापोलिसमध्ये दिसलं. डिसेंबर २०२५ पासून तिथे फेडरल एजंटांची मोठी मोहीम चालू होती. जानेवारी २०२६ मध्ये, ७ आणि २४ तारखेला, एजंटांच्या गोळ्यांनी दोन माणसं मेली. दोघंही अमेरिकन नागरिक. सरकारने स्वसंरक्षणाचा दावा केला. बाजूच्या लोकांनी मोबाइलवर जे चित्रित केलं होतं, ते बघून देशभर लोक त्या दाव्यावर प्रश्न विचारायला लागले. ते मोबाइल नसते तर फक्त सरकारी निवेदन उरलं असतं.

एक शब्द: 'पर्सन'

"पण ते तर नागरिकच नाहीत, त्यांना कसले हक्क?" ही कॉमेंट मी शेकडो वेळा वाचलीय. याचं उत्तर १४० वर्षांपूर्वीच दिलं गेलंय.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तेव्हा नियम होता, लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवाना हवा. नियम वाचायला सगळ्यांना सारखाच. पण दोनशेच्या आसपास चिनी धोब्यांना नकार मिळाला आणि बिगरचिनी अर्जदारांपैकी एक सोडून सगळ्यांना परवाने. यिक वो या नावाने ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १८८६ मध्ये कोर्टाने सांगितलं, घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत समान संरक्षण 'पर्सन'ला दिलंय, म्हणजे व्यक्तीला. नागरिक असण्याची अट नाही. २००१ मध्ये त्याच कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं, की अमेरिकेच्या भूमीवर असलेल्या प्रत्येकाला, कायदेशीर असो वा नसो, योग्य प्रक्रियेचा हक्क आहे.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारने १७९८ चा, युद्धकाळासाठी केलेला कायदा काढून व्हेनेझुएलाच्या लोकांना थेट एल साल्व्हाडोरच्या तुरुंगात पाठवलं. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पाठवण्याआधी नोटीस द्या आणि कोर्टात दाद मागायला वेळ द्या. त्याच विमानांत मेरीलँडमध्ये राहणारा एक माणूस होता, ज्याला तिथे पाठवू नये असा इमिग्रेशन कोर्टाचाच आदेश होता. सरकारनेच ती 'प्रशासकीय चूक' असल्याचं मान्य केलं. जूनमध्ये तो परत आला, तोही कोर्टाच्या रेट्यामुळे. आता विचार करा, प्रक्रियाच न पाळता पाठवलेल्यांत असे आणखी किती असतील, हे तपासायची जागाच उरत नाही. चूक सापडते ती प्रक्रियेमुळे.

आपला काय संबंध?

५ फेब्रुवारी २०२५. अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, १०४ भारतीय घेऊन. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्रातलेही काही जण होते. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं, की बेड्या घालायची ही पद्धत २०१२ पासूनच्या नियमावलीतली आहे. अनेकांना राग आला, आणि तो स्वाभाविक होता.

तोच राग जरा घराकडे वळवून बघू. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून पकडलं आणि सीमेपलीकडे ढकललं. ते भारतीय निघाले. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. भाषा, काम, राहण्याची वस्ती. लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांच्या यादीतल्याच गोष्टी, नाही का? आपल्या घटनेतलं कलम २१ सुद्धा नागरिकाबद्दल नाही, व्यक्तीबद्दल बोलतं. जो प्रश्न आपण अमेरिकेला विचारतो, तो इथेही विचारायला हवा: पाठवण्याआधी बाहेरच्या कुणी कागद तपासले का?

तिकडे तुमचं कुणी असेल तर

हा तुकडा थेट फॉरवर्ड करा.

एक, दार. दार न उघडता विचारा, वॉरंट आहे का. कागद दाराखालून किंवा खिडकीतून दाखवायला सांगा. वर कोर्टाचं नाव आणि खाली न्यायाधीशाची सही आहे का बघा. नसेल तर "माझी संमती नाही" असं स्पष्ट म्हणा. तरीही ते आत आले, तर अडवाअडवी करू नका. संमती नव्हती, हे शब्द पुढे कोर्टात उपयोगी पडतात.

दोन, रस्ता. "मी जाऊ शकतो का?" असं शांतपणे विचारा. हो म्हणाले तर चालू लागा. पळू नका, खोटं बोलू नका, खोटे कागद दाखवू नका. गप्प राहायचा हक्क आहे. पण १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा कागद, म्हणजे आय-९४ किंवा ग्रीन कार्ड वगैरे, जवळ ठेवावा असा कायदा आहे, तेव्हा तो ठेवा.

तीन, विमानतळ. तिथे चौथ्या दुरुस्तीचं संरक्षण बरंच पातळ होतं. फोन तपासला जाऊ शकतो आणि व्हिसावाल्याने नकार दिला तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

चार, वकिलात. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे, पकडलेल्या परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवायला सांगण्याचा हक्क आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारत पाकिस्तानविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये जिंकला, तो याच कलमावर. तेव्हा हा हक्क मागा, स्वतःहून कुणी आठवण करून देईलच असं नाही.

पाच, घरच्यांसाठी. एका वकिलाचा नंबर पाठ असू दे, फोन काढून घेतात. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनचा फाइल नंबर असेल, तर तो घरच्या कुणाकडे तरी लिहून ठेवा. आइसच्या वेबसाइटवर कोठडीतली व्यक्ती शोधायची सोय आहे, तिथे तो उपयोगी पडतो.

सहा, मोबाइल. सार्वजनिक जागी पोलिसांचं चित्रीकरण करायचा हक्क तिथल्या अनेक अपील न्यायालयांनी मान्य केलाय. अंतर ठेवा, मधे पडू नका. पण स्वतः व्हिसावर असाल तर आधी स्वतःची सुरक्षितता बघा.

तर मंडळी, पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की लगेच कुठल्या तटात उभं राहायचं हे ठरवू नका. आधी विचारा, कागद होता का, सही कुणाची होती, आणि पकडलेल्याला कुणा तिसऱ्यासमोर बोलायची संधी मिळाली का. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की मत बनवायला तुम्ही मोकळे, आणि ते माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल.

तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल आणि काही विचारायचं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात यातलाच डेटाचा भाग घेऊ: व्हिसा मागताना सोशल मीडिया प्रोफाइल सगळ्यांना दिसेल असं का ठेवायला सांगतात आणि ती माहिती पुढे जाते कुठे. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!